बिस्किटांच्या डब्यातल्या एकसष्ट गोळ्या

प्रश्न : ताई, सादर नमस्कार. माझ्या सासूबाई त्र्याहत्तर वर्षांच्या, निवृत्त शिक्षिका. मामंजी दोन वर्षांपूर्वी गेले. गेल्या एप्रिलच्या शेवटी आईंना धाप लागून आणि पाय सुजून हॉस्पिटलात ठेवावे लागले; हृदय थोडे अशक्त झाल्याचे डॉक्टरांनी सांगितले. बीपी, शुगर आणि थायरॉइड आधीपासूनच होते, त्यामुळे आता दिवसाच्या आठ गोळ्या झाल्या आहेत. आम्ही सगळे लक्ष ठेवतो. सकाळी हे विचारतात, दुपारी मी विचारते, संध्याकाळी पुण्याहून नणंदेचा आणि रात्री बंगळूरहून दिरांचा फोन येतो. आई प्रत्येकाला ‘घेतली’ म्हणून सांगतात. दिवाळीच्या साफसफाईत त्यांच्या कपाटात, साड्यांच्या मागे, बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा सापडला. त्यातल्या गोळ्या वर्तमानपत्रावर पसरून मोजल्या, तर एकसष्ट निघाल्या. सत्तेचाळीस एकाच जातीच्या, लहान पांढऱ्या. कोपऱ्यावरचा मेडिकलवाला म्हणाला की ही लघवीची गोळी, एप्रिलमध्ये नव्याने सुरू झालेली. नऊ कॅल्शियमच्या, बाकीच्या किरकोळ. आईंना अजून काही बोललेले नाही. दीर म्हणतात, स्वयंपाकघरात कॅमेरा लावा. हे म्हणतात, वरणात कुस्करून देत जाऊ. मला दोन्ही पटत नाही, पण तिसरे काही सुचतही नाही. सोमवार-गुरुवारचे रामबागेतले भजन सोडले तर त्या घराबाहेरही पडत नाहीत. मामंजी असताना असे कधी झाले नव्हते. ते सकाळी दोन वाट्या काढत, एकीत त्यांच्या गोळ्या, दुसरीत आईंच्या, आणि दोघे ओसरीवर बसून घेत. मी स्वतः थायरॉइडची गोळी घेते आणि आठवड्यातून दोनदा तरी विसरते, तेव्हा मी कोणत्या तोंडाने त्यांना बोलू?
— एक सून, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : तुमच्या पत्रातला सर्वांत मोलाचा भाग म्हणजे तुम्ही केलेली ती मोजणी. डबा सापडल्याबरोबर तो सासूबाईंपुढे आपटून जाब विचारणारी घरे मी औषधांच्या खिडकीमागे काढलेल्या सत्तावीस वर्षांत पुष्कळ पाहिली. तुम्ही गप्प राहून गोळ्या जातवार वेगळ्या केल्यात, आणि त्यामुळे निम्मे उत्तर तुमच्याच पत्रात येऊन बसले आहे.

विसरणारे माणूस गोळी निवडत नाही. विसराळूपणाने गोळ्या राहिल्या असत्या, तर त्या डब्यात आठही जातींच्या गोळ्या कमीअधिक सारख्या निघाल्या असत्या. इथे एकसष्टांपैकी सत्तेचाळीस एकाच जातीच्या आहेत. औषधांवरून त्यांचे मन उडाले आहे असेही दिसत नाही, कारण बीपीच्या आणि शुगरच्या गोळ्या त्या जवळजवळ नेमाने घेत आहेत. म्हणजे सासूबाईंनी एक विशिष्ट गोळी, काही विशिष्ट दिवशी, विचारपूर्वक टाळली आहे. आता दिवसांचा हिशेब पाहा. एप्रिलच्या शेवटापासून दिवाळीपर्यंत सुमारे सव्वीस आठवडे होतात. आठवड्यात भजनाचे दोन दिवस, म्हणजे बावन्न. पाच कमी पडतात; इंदूरच्या पावसाळ्यात तेवढी भजने बुडाली असतील.

हा माझा तर्क आहे, निदान नव्हे. परंतु तो करण्याला आधार आहे. हृदय अशक्त झाले की शरीरात मीठ आणि पाणी साठू लागते, ते पायांत उतरते आणि फुप्फुसांतही भरते. म्हणून मूत्रपिंडांकडून ते बाहेर टाकून घेण्यासाठी ही गोळी देतात. फ्युरोसेमाइड किंवा टॉर्सेमाइड या जातीची गोळी असेल, तर ती घेतल्यापासून तासाभरात काम सुरू करते, पहिल्या दोन तासांत तिचा जोर सर्वाधिक असतो आणि सहा ते आठ तासांत तो ओसरतो. सकाळी नवाला ही गोळी घेऊन दहाला ई-रिक्षात बसणाऱ्या त्र्याहत्तर वर्षांच्या बाईचे पुढचे दोन तास कसे जात असतील, याची कल्पना करा. लोकमान्य नगरातून रामबागेत पोचायला रहदारीत किती वेळ लागेल याचा नेम नाही. तिथे स्वच्छतागृह असले तरी ते वर आहे की खाली, पायऱ्या किती, आणि अभंग अर्ध्यावर असताना टाळ खाली ठेवून सगळ्यांच्या देखत उठायचे कसे? ज्या बाईने आयुष्यभर वर्गासमोर ताठ उभे राहून शिकवले, ती ही गोष्ट मुलाला सांगणार नाही, फोनवरून जावयाच्या घरी असलेल्या मुलीला सांगणार नाही आणि बहुधा सुनेलाही नाही. ती त्या दिवशी गोळी बाजूला ठेवील आणि विचारणाऱ्याला ‘घेतली’ म्हणून मोकळी होईल.

त्यांनी त्या गोळ्या फेकून दिल्या नाहीत, याकडेही लक्ष द्या. ज्याला औषधाची पर्वा नसते तो गोळी सिंकमध्ये सोडतो. आपल्या घरांतल्या त्या पिढीला पैसे मोजून आणलेली वस्तू टाकवत नाही, हे एक कारण झाले. पण आपण काहीतरी मागे ठेवत आहोत आणि ते कधीतरी भरून काढायला हवे, अशी टोचणीही त्या डब्यात आहे, असे मला वाटते.

तेव्हा पहिले काम म्हणजे त्यांच्याशी बोलणे, आणि तेही डबा मध्ये न ठेवता. ‘तुम्ही ही गोळी का घेत नाही?’ हा प्रश्न आरोपासारखा ऐकू येतो आणि त्याचे उत्तर खोटेच येते. त्याऐवजी दोघीच असताना, भाजी निवडताना किंवा वाती वळताना, असे विचारून पाहा : ‘आई, ती लघवीची गोळी घेतली की भजनाच्या दिवशी त्रास होत असेल, नाही?’ प्रश्नात उत्तराची वाट आधीच मोकळी करून दिली, तर सांगणाऱ्याला लाज वाटत नाही. तरीही त्या बोलल्या नाहीत, तर भजनी मंडळात त्यांच्या शेजारी बसणारी मैत्रीण कोण आहे ते पाहा. जी गोष्ट घरात चार माणसे चार वेळा विचारून कळत नाही, ती शेजारच्या टाळकरणीला पहिल्या महिन्यातच कळलेली असते, कारण तिलाही गुडघ्याची, बीपीची, लघवीची काही ना काही गोळी चालूच असते.

यानंतरचे पाऊल डॉक्टरांकडे जाण्याचे आहे, आणि ते लवकर टाका. आठवड्यातून दोन दिवस ही गोळी न घेतल्याने पाणी पुन्हा साठून एप्रिलची पुनरावृत्ती होऊ शकते, हे एक. दुसरी गोष्ट त्याहून कमी लोकांच्या ध्यानात येते. डॉक्टर समोरचा आकडा पाहून औषध ठरवतात. गोळ्या सांगितल्याप्रमाणे चालू आहेत असे गृहीत धरून त्यांनी मधल्या भेटींत सूज किंवा बीपी पाहून मात्रा वाढवली असेल, आणि डबा सापडला म्हणून उद्यापासून तुम्ही सगळे पहाऱ्याला बसून प्रत्येक गोळी घ्यायला लावलीत, तर अंगातले पाणी आणि बीपी एकदम उतरून त्या न्हाणीघरात चक्कर येऊन पडू शकतात. म्हणून आधी डॉक्टरांना खरा आकडा सांगा, त्यांना मूत्रपिंडाची आणि सोडियम-पोटॅशियमची तपासणी हवी असल्यास ती करून घ्या, आणि त्यांनी ठरवलेल्या मात्रेपासून नव्याने सुरुवात करा.

तुम्हाला डॉक्टरांना नेमका जो प्रश्न विचारायचा आहे तो असा : भजनाच्या दिवशी ही गोळी सकाळऐवजी घरी परतल्यावर, दुपारी घेतली तर चालेल का? बहुतेक वेळा या गोळीची वेळ पुढेमागे करता येते. फक्त ती फार संध्याकाळी नेली तर रात्री चारदा उठावे लागते आणि अंधारात पडण्याचा धोका वाढतो. सहा महिने लपवाछपवी चालली त्या गोष्टीचा निकाल कदाचित दोन मिनिटांच्या बोलण्यात लागेल. हा प्रश्न शक्यतो सासूबाईंनाच विचारू द्या, आणि तुमच्या यजमानांना थोडा वेळ बाहेर बाकावर बसवा. मुलासमोर आई लघवीविषयी बोलणार नाही.

त्या भेटीला जाताना घरातली सगळी औषधे एका पिशवीत घालून न्या. सगळी म्हणजे चिठ्ठीवरची तर न्याच, पण त्याखेरीज रात्री घेतात ते चूर्ण, कोणी वैद्याने दिलेल्या गुटी, कॅल्शियम, आणि विशेषतः गुडघेदुखीसाठी मैत्रिणीने ‘मला फार गुण आला’ म्हणून दिलेली गोळीसुद्धा. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या दुखण्याच्या गोळ्या अंगात पाणी धरून ठेवतात, बीपी वाढवतात, लघवीच्या गोळीचा जोर कमी करतात, आणि बीपीच्या काही औषधांबरोबर घेतल्या तर मूत्रपिंडांवर ताण आणतात. अशक्त हृदयाच्या माणसाला या गोळ्या परस्पर देणे धोक्याचे आहे. मैत्रिणींनी अनुभव द्यावा, गोळी देऊ नये, एवढे त्या मंडळात कोणीतरी ठासून सांगायला हवे.

पिशवीचा आग्रह धरण्याला माझ्या घरचे कारण आहे. माझे वडील इथल्याच एका हॉस्पिटलातून घरी आले, तेव्हा सुटीच्या कागदावर बीपीची जी गोळी लिहून दिली होती, तीच वेगळ्या कंपनीच्या वेगळ्या नावाने आमच्या घरात आधीपासून होती. जुनी चिठ्ठी बंद करा असे कोणी लिहिले नाही, आणि मी, जिचे सारे आयुष्य गोळ्यांच्या पट्ट्या पाहण्यात गेले, त्या धावपळीत पट्टी उलटून वाचली नाही. अकरा दिवस ते एकच औषध दोन नावांनी घेत होते, आणि बाराव्या दिवशी पहाटे अंगणात कोसळले. पट्टीवर कंपनीने दिलेल्या नावाबरोबर मूळ औषधाचे नावही छापलेले असते. दुकानदाराने ‘भाभीजी, वो नहीं है, ये ले जाइए, एक ही बात है’ म्हणून दुसरे नाव हातात ठेवले, की ते मूळ नाव आणि मिलिग्रॅमचा आकडा जुन्या पट्टीशी जुळवून पाहा. दुकानदाराचे म्हणणे बहुतेक वेळा खरेही असते. घोटाळा होतो तो घरात जुन्या पट्टीतल्या पाच गोळ्या शिल्लक असतात म्हणून.

आता दोन्ही भावांच्या सूचनांकडे वळते. वरणात गोळी कुस्करून देण्याचा विचार कृपा करून सोडून द्या. काही गोळ्या मुळातच न कुस्करता गिळण्यासाठी बनवलेल्या असतात. मेटफॉर्मिनसारखी शुगरची गोळी हळूहळू विरघळणाऱ्या प्रकारातली असेल, पट्टीवर एसआर, ईआर किंवा एक्सआर अशी अक्षरे असतील, तर ती कुस्करल्याने दिवसभराचे औषध एकदम पोटात उतरते. आम्लपित्ताच्या ज्या गोळ्यांवर जठरातल्या आम्लापासून वाचवणारे वेष्टन असते, त्या कुस्करल्या की औषध आतड्यापर्यंत पोचण्याआधीच बरेचसे वाया जाते. शिवाय अर्धी वाटी वरण पानात राहिले तर किती औषध गेले हे कोणाला सांगता येणार? या साऱ्यांहून मोठे कारण मात्र वेगळे आहे. तुमच्या सासूबाई शुद्धीत, विचाराने पक्क्या, स्वतःचे बरेवाईट समजणाऱ्या बाई आहेत. त्यांच्या अंगात त्यांना न सांगता औषध घालण्याचा अधिकार घरातल्या कोणालाही नाही, आणि एकदा का वरणात कडवट कण दाताखाली आला, की त्या तुमच्या हातचे जेवण संशयाने पाहू लागतील. स्मृतिभ्रंश झालेल्या, औषध म्हणजे काय हेच न कळणाऱ्या रुग्णाची गोष्ट निराळी असते, आणि तिथेही असा निर्णय डॉक्टर आणि घरचे मिळून घेतात.

कॅमेऱ्याच्या बाजूने तुमचे दीर कदाचित क्षयरोगाचे उदाहरण देतील, कारण आपल्या देशात १९९७ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात समोर बसवून गोळ्या घ्यायला लावण्याची पद्धत राबवली गेली. परंतु तो उपचार साधारणपणे काही महिन्यांचा असतो, आजार इतरांना लागणारा असतो, आणि समोर बसणारी व्यक्तीही रुग्णाला चालेल अशीच असावी लागते. बीपी आणि हृदयाच्या गोळ्या आयुष्यभराच्या आहेत. आयुष्यभर कोणाच्या नजरेखाली गोळी गिळायची, ही कल्पना दिरांनी स्वतःला लावून पाहावी. शिवाय कॅमेऱ्याला हात तोंडाशी गेलेला दिसतो. गोळी गालात राहिली की पोटात गेली हे दिसत नाही. सहा महिने चौघांना चकवणाऱ्या बाईंना कॅमेरा चकवायला आठवडा पुरेल.

जागतिक आरोग्य संघटनेने २००३ मध्ये दीर्घ मुदतीच्या उपचारांवर एक अहवाल प्रसिद्ध केला, त्यात विकसित देशांतसुद्धा जुनाट आजारांची औषधे सांगितल्याप्रमाणे घेणाऱ्यांचे प्रमाण सरासरी ५० टक्केच असल्याचे म्हटले आहे. म्हणजे तुमच्या घरात जे घडले ते काही जगावेगळे नाही, आणि त्यात तुमच्या संस्कारांचा किंवा सासूबाईंच्या हट्टीपणाचा फारसा संबंध नाही. ज्या घरांत हे जमते, तिथे मला नेहमी एक गोष्ट दिसली आहे : तिथे गोळीविषयी विचारणारे कमी आणि गोळीच्या मागची कामे उचलणारे जास्त असतात. तुमच्या मामंजींनी नेमके हेच केले. ते ‘घेतलीस का?’ असे विचारत नव्हते. वाटी भरून शेजारी बसत होते आणि स्वतःची गोळी घेत होते. तुम्हा चौघांचे मिळून दिवसाला चार प्रश्न होतात, सहा महिन्यांत सातशेहून अधिक. इतक्या वेळा तपासल्या गेलेल्या माणसाला ‘घेतली’ हा शब्द तोंडपाठ होतो, त्याचा गोळीशी संबंध उरत नाही.

म्हणून फोनवरची ही चौकशी आजपासून बंद करा आणि कामे वाटून घ्या. नणंदेने पुण्यातून गोळ्या संपण्याच्या तारखा सांभाळाव्यात. कोणती पट्टी कधी संपते हे तिच्या वहीत किंवा मोबाइलवर असावे आणि संपण्याच्या आठवडाभर आधी तिने तुम्हाला नव्हे, तर थेट दुकानदाराला फोन करावा. आईशी बोलताना तिने भजनात नवे काय बसवले ते विचारावे. दिरांना संगणकाची आवड दिसते, तर त्यांनी आठही औषधांचा एक कागद मोठ्या देवनागरी अक्षरांत तयार करावा : मूळ नाव, कंपनीचे नाव, मिलिग्रॅम, वेळ, आणि ते कशासाठी आहे. त्याची एक प्रत आईंच्या पर्समध्ये आणि एक फ्रिजवर लावावी. तुमच्या यजमानांनी डॉक्टरांची वेळ घेणे आणि गाडीने नेणे-आणणे एवढे करावे. दवा बाजारातून तीन-तीन महिन्यांची औषधे स्वस्तात आणून साठवण्याचा उत्साह पुरुष मंडळींना असतो, तो मात्र मात्रा पक्की होईपर्यंत आवरावा, नाहीतर बदललेल्या औषधांच्या पट्ट्या घरात राहतात आणि माझ्या वडिलांसारखा प्रसंग ओढवतो. बिलाचा आकडा आईंच्या मनाला लागतो की काय, तेही हळूच पाहा; लागत असल्यास डॉक्टरांना विचारून जनऔषधी केंद्रातून काही औषधे घेता येतील.

तुमच्याकडे येते ते रविवारचे काम. आठवड्याच्या सात दिवसांचे, सकाळ-दुपार-रात्र असे कप्पे असलेला गोळ्यांचा डबा मिळतो. तो तुम्ही भरायचा नाही. त्यांनी भरायचा, तुम्ही शेजारी बसून पट्टी वाचून दाखवायची. डबा भरताना गोळी पट्टीतून काढून ठेवायची की कात्रीने पट्टीसकट, हे दुकानदाराला विचारून घ्या, कारण काही औषधे दमट हवेत खराब होतात आणि हृदयाच्या काही गोळ्या, उदाहरणार्थ जिभेखाली ठेवायची नायट्रोग्लिसरीनची, मूळ बाटलीतच राहाव्या लागतात. पट्टीसकट कापून ठेवल्यास टोके गोल करा आणि घेताना गोळी बाहेर काढली आहे ना हे पाहा. डोळ्यांना कमी दिसणाऱ्या वृद्धांनी टोकदार वेष्टनासकट गोळी गिळल्याची उदाहरणे आहेत. दुकानातून सुट्या गोळ्या घेताना मुदतीची तारीख छापलेला तुकडा मागून घ्या. आणि कप्पा चुकून भरलेलाच राहिला, तर दुसऱ्या दिवशी दोन गोळ्या एकदम कधीही द्यायच्या नाहीत.

एक काम मात्र संपूर्ण त्यांच्याच हाती द्या. वजनकाटा आणा, आणि रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, त्यांनी स्वतःचे वजन वहीत लिहावे. हृदयाच्या या दुखण्यात तीन दिवसांत दोन किलोहून अधिक वजन वाढले, किंवा धाप लागू लागली, तर ते पाणी साठल्याचे लक्षण असते आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचे असते. ज्यांनी आयुष्यभर हजेरीपट भरला, त्यांच्या हातची ही वही तुमच्या चौघांच्या चौकशीपेक्षा अधिक खरी असेल. दुपारी घेतलेल्या गोळीने दुसऱ्या दिवशीचा आकडा कसा खाली येतो, हे त्या स्वतः पाहतील, तेव्हा ती गोळी त्यांना तुमची न वाटता स्वतःची वाटू लागेल.

डब्यातल्या त्या नऊ कॅल्शियमच्या गोळ्यांचे फार मनावर घेऊ नका. त्या खडूच्या तुकड्याएवढ्या असतात आणि घशात अडकतात. लहान गोळी किंवा चघळायची गोळी चालेल का, ते विचारा. पण त्या सकाळी थायरॉइडच्या गोळीबरोबर जात नाहीत ना, एवढे पाहा. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर, चहा-नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची असते आणि कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळीपासून तिला चार तास दूर ठेवायचे असते, नाहीतर ती अंगी लागत नाही.

पत्रात उपवासांचा उल्लेख नाही, तरी भजनाला जाणाऱ्या बाई एकादशी सोडत नसतील असे धरून चालते. शुगरच्या गोळ्यांपैकी ग्लिमेपिराइडसारखी गोळी असेल, तर ती घेऊन जेवण लांबवल्यास साखर एकदम उतरते. दरदरून घाम येतो, हात थरथरतात, बोलणे अडखळते. ग्लुकोमीटरवर ७० च्या खाली आकडा दिसला, तर शुद्धीत असलेल्या माणसाला तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचे. उपवासाच्या दिवशी ही गोळी कशी घ्यायची ते त्याच भेटीत विचारून कागदावर लिहून घ्या. ‘उपवास सोडा’ असे सांगून काही होणार नाही, हे तुम्हीही जाणता.

सापडलेल्या डब्याचे काय करायचे, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण तो तुमच्या मनात असणार. डॉक्टरांकडे तो न्यायचा तर आईंना सांगूनच न्या. लघवीच्या गोळीचे बोलणे होऊन वेळ बदलून मिळाली, की एखाद्या दिवशी ‘कपाट आवरताना हा दिसला होता’ एवढेच म्हणून तो त्यांच्या हातात द्या. त्या गोळ्या पुन्हा वापरात घेऊ नका. पट्टीबाहेर पडून राहिलेल्या गोळीची मुदत कोणालाच सांगता येत नाही.

आता तुमच्या शेवटच्या वाक्याविषयी. कोणत्या तोंडाने बोलू, असे तुम्ही विचारता, आणि मला वाटते याच तोंडाने बोलावे. तुम्ही दोघी एकच गोळी, एकाच वेळी, उपाशीपोटी घेता, आणि त्यांची ही गोळी चुकलेली डब्यात फारशी दिसत नाही. तुमची मात्र आठवड्यातून दोनदा चुकते. तेव्हा आज रात्री त्यांना सांगा, ‘आई, माझी थायरॉइडची गोळी सारखी राहून जाते, उद्यापासून तुमच्याबरोबर मला हाक मारत जा.’ निजताना दोन वाट्या आणि दोन पेले पाणी भरून ओसरीवर झाकून ठेवा, आणि घरातला सकाळचा चहा अर्ध्या तासाने पुढे ढकला. यजमानांनी कुरकूर केली तर त्या अर्ध्या तासात त्यांना पोहे भिजवायला सांगा.